कुस्तीचा निकाल कसा लागतो?

(कुस्ती हा महाराष्ट्राचा आवडता खेळ आहे. कुस्ती पाहताना आपले लक्ष पैलवानांकडे असते, पंचांकडे सहसा जात नाही. परंतु हार-जीत ठरते ती पंचांच्या निर्णयाने. पंच निर्णय कसा देतात, त्यांना कोणत्या अडचणी येतात आणि कॅमेऱ्याची मदत कशी घेतली जाते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

कुस्ती हा खेळ मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांना सारखाच जवळचा आहे. कुस्ती, पैलवान, पेच हे शब्द फारसीतून आपल्याकडे आले आणि दोन्ही भाषांत रुळले. पैलवान जिथे व्यायाम आणि सराव करतात त्या जागेला मराठीत 'तालीम' म्हणतात. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. कुस्ती शिकवणाऱ्या उस्तादाला मराठीने 'वस्ताद' केले. प्रतिस्पर्ध्याला पाठीवर पाडले, की मराठी माणूस म्हणतो, "त्याने त्याला आस्मान दाखवले!" जो पाठीवर पडतो त्याला वर आकाशच दिसणार, नाही का?

आपल्या शहराचेही कुस्तीशी जुने नाते आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर पुढच्याच वर्षी, १९६१ साली, पहिली 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला झाली. दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. मामासाहेब मोहोळ यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने ही स्पर्धा सुरू केली. आज महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा खांद्यावर घेणे, हे राज्यातील प्रत्येक पैलवानाचे स्वप्न असते. त्यासाठी तो वर्षानुवर्षे पहाटे उठतो, हजारो जोर-बैठका काढतो, घरापासून दूर तालमीत राहतो. आणि एवढ्या कष्टांचा निकाल कधी कधी एका क्षणात लागतो. तो क्षण पंचांनी नीट पाहिला पाहिजे. म्हणूनच पंचांचे काम फार जबाबदारीचे आहे.

पूर्वी गावोगावच्या जत्रांत लाल मातीत कुस्त्या होत. आजही होतात. या कुस्तीचा नियम अगदी सोपा असतो. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला. याला 'चितपट' म्हणतात. गुण नाहीत, घड्याळाची फारशी घाई नाही. हजारो प्रेक्षक चारही बाजूंनी पाहत असतात. पैलवान स्पष्ट चीत झाला, की टाळ्यांचा कडकडाट होतो आणि हलगी जोरात वाजू लागते. अशा वेळी पंचांना फार विचार करावा लागत नाही.

पण या सोप्या नियमात एक अडचण आहे. एखाद्या पैलवानाने जिंकण्याचा प्रयत्नच केला नाही आणि फक्त पाठ लागू न देण्याचे ठरवले, तर काय करायचे? गामा पैलवानांच्या बाबतीत हे घडले. १९१० साली लंडन येथे त्यांची कुस्ती पोलंडच्या झिबिस्को या अवाढव्य पैलवानाशी झाली. गामांची ताकद ओळखताच झिबिस्को पोटावर पडून राहिला. गामांनी नाना पेच टाकले, पण तो काही केल्या उलटेना. अडीच तासांहून अधिक वेळ गेला. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा व्हायची होती, परंतु झिबिस्को आलाच नाही. तेव्हा गामांना विजयी घोषित करण्यात आले. पुढे १९२८ साली पतियाळा येथे दोघे पुन्हा समोरासमोर आले. त्या वेळी मात्र गामांनी त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले.

लंडनच्या त्या कुस्तीत गामा सतत चढाई करत होते. तरीही पाठ लागली नाही, म्हणून निकाल नाही! आजच्या नियमांत असे होत नाही. आंतरराष्ट्रीय कुस्तीत आता गुणपद्धती आहे. चितपट झाली तर कुस्ती तिथेच संपते. चितपट झाली नाही तर ज्याचे गुण जास्त, तो जिंकतो. फ्री स्टाईल कुस्तीत मोठ्या गटातील लढत प्रत्येकी तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असते. एखाद्या पैलवानाने दहा गुणांची आघाडी घेतली, तर वेळ शिल्लक असली तरी तो विजयी ठरतो.

गुण कशाबद्दल मिळतात ते आता पाहू. प्रतिस्पर्ध्याचा पाय वर्तुळाबाहेर गेला, तर एक गुण. त्याला खाली आणून आपल्या ताब्यात घेतले, तर दोन गुण. खाली असलेल्या पैलवानाला भारंदाज डावाने फिरवून त्याची पाठ गादीकडे वळवली, तर पुन्हा दोन गुण. उभ्या पैलवानाला असे फेकले, की त्याची पाठ सरळ गादीकडे वळली, तर चार गुण. आणि उंच उचलून मोठ्या झेपेने फेकले, तर पाच गुण.

यांतील दोन गुणांचा डाव सर्वांत जास्त वेळा दिसतो. इंग्रजीत त्याला 'टेकडाऊन' म्हणतात. मराठीत आपण 'ताबा घेणे' असे म्हणतो. एकेरी पट, दुहेरी पट अशा डावांनी पैलवान प्रतिस्पर्ध्याचे पाय धरतो, त्याला खाली आणतो आणि त्याच्या पाठीमागे जातो. नुसते खाली पाडणे म्हणजे ताबा नव्हे. खाली आलेल्या पैलवानाचे शरीर तीन ठिकाणी गादीला टेकले पाहिजे. दोन गुडघे आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक गुडघा. शिवाय वरचा पैलवान त्याच्या मागे असला पाहिजे आणि त्याची पकड पक्की असली पाहिजे. या सर्व गोष्टी एकाच वेळी जुळल्या, तरच दोन गुण.

हे वाचायला सोपे वाटते. पाहायला मात्र ते फार कठीण आहे. अशी कल्पना करा, की तांबड्या पोशाखातील पैलवान आणि निळ्या पोशाखातील पैलवान लढत आहेत. तांबड्याने पट काढला. निळा खाली येऊ लागला. त्याचा एक गुडघा टेकला, एक हात टेकला. दुसरा गुडघा टेकला की नाही? तो पंचांच्या विरुद्ध बाजूला आहे. मध्ये तांबड्याचे शरीर आहे. तेवढ्यात निळ्याने अंग फिरवले आणि उलट तांबड्याचीच पाठ गादीकडे वळली. आता गुण कोणाला? तांबड्याने ताबा आधी पूर्ण केला असेल, तर त्याला दोन गुण आणि निळ्यालाही त्याच्या डावाचे गुण. ताबा पूर्ण झालाच नसेल, तर गुण फक्त निळ्याला. हा सगळा प्रकार एका सेकंदात घडतो. पंचांना तो उलगडून, क्रमाने सांगावा लागतो.

वर्तुळाच्या कडेजवळ तर आणखी गुंता होतो. कुस्तीच्या गादीवर नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ असते. त्याच्या आतील कडेला एक मीटर रुंदीचा नारिंगी पट्टा असतो. डाव आत सुरू झाला आणि न थांबता बाहेर जाऊन संपला, तर डावाचे गुण मिळतात. परंतु डाव लागण्याआधीच पाय बाहेर गेला असेल, तर फक्त एकच गुण. म्हणजे पंचांनी एका डोळ्याने पाय पाहायचा आणि दुसऱ्या डोळ्याने पकड पाहायची! याशिवाय घड्याळ असतेच. वेळ संपल्यावर पूर्ण झालेला डाव कितीही सुंदर असला, तरी त्याला गुण नाही.

एका माणसाला हे सर्व दिसणे शक्य नाही. म्हणून कुस्तीत एक नव्हे, तर तीन पंच असतात. पहिले पंच पैलवानांबरोबर गादीवर असतात. त्यांच्या डाव्या मनगटावर तांबडी आणि उजव्या मनगटावर निळी पट्टी असते. ज्याला गुण द्यायचे, त्याच्या रंगाचा हात वर करून ते बोटांनी गुण दाखवतात. दुसरे पंच गादीच्या बाहेर एका बाजूला बसून गुण नोंदवतात. तिसरे मुख्य पंच. ते दुसऱ्या बाजूला टेबलाशी बसतात. पहिल्या दोघांचे एकमत झाले, तर निर्णय पक्का होतो. त्यांच्यात मतभेद झाला, तर मुख्य पंच दोघांपैकी एकाच्या बाजूने मत देतात. थोडक्यात, तिघांपैकी दोघांना जे दिसले, ते खरे मानले जाते.

चितपटीच्या बाबतीत आणखी काळजी घेतली जाते. दोन्ही खांदे गादीला टेकले आणि क्षणभर तसेच दाबून धरले गेले, तरच चितपट होते. गादीवरच्या पंचांनी आधी दुसऱ्या पंचांची किंवा मुख्य पंचांची संमती घ्यायची असते. नंतर हाताने गादीवर थाप मारायची आणि शिट्टी वाजवायची. त्याचे कारण उघड आहे. चुकून एक गुण गेला, तर तो पुढे भरून काढता येतो. चितपटीनंतर मात्र कुस्तीच संपते.

तीन पंच असूनही चूक होऊ शकते. म्हणून मोठ्या स्पर्धांत कॅमेऱ्याची सोय करण्यात आली. पैलवानाच्या प्रशिक्षकाला एखादा निर्णय अमान्य असेल, तर तो 'चॅलेंज' करू शकतो, म्हणजे निर्णयाला आव्हान देऊ शकतो. त्यासाठी स्पंजची एक मऊ वस्तू गादीवर टाकण्याची पद्धत आहे. कुस्ती थांबते. मुख्य पंच आणि अपील मंडळाचे पंच पडद्यावर तोच क्षण सावकाश, पुन्हा पुन्हा पाहतात आणि मग निर्णय कायम ठेवतात किंवा बदलतात.

या सोयीला नियमांची चौकट आहे. चॅलेंज निर्णयानंतर पाच सेकंदांच्या आत करावे लागते. प्रशिक्षकाने चॅलेंज केले, तरी पैलवान स्वतः ते नाकारू शकतो. कारण आपला गुडघा टेकला होता की नाही, हे त्यालाच सर्वांत चांगले ठाऊक असते! चॅलेंज बरोबर ठरले, तर पुन्हा चॅलेंज करण्याचा हक्क राहतो. चूक ठरले, तर हक्क जातो आणि प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. त्यामुळे उगाच कोणी कुस्ती थांबवत नाही. चितपटीच्या निर्णयावर चॅलेंज करता येत नाही, कारण ती आधीच पंचांच्या परस्पर संमतीने ठरलेली असते. आणि ज्या स्पर्धेत व्हिडिओची व्यवस्था अधिकृतपणे केलेली असते, तिथेच हा हक्क मिळतो.

एका गुणाची किंमत किती असते, याची दोन उदाहरणे पाहा. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या लढतीत मंगोलियाचा गान्झोरिग हा उझबेकिस्तानच्या नवरुझोव्हविरुद्ध ७-६ असा पुढे होता. शेवटच्या काही सेकंदांत तो लढायचे सोडून आनंदाने नाचू लागला. कुस्तीपासून पळ काढल्याबद्दल पंचांनी प्रतिस्पर्ध्याला एक गुण दिला. बरोबरी झाली आणि शेवटचा गुण नवरुझोव्हचा असल्यामुळे तो पुढे गेला. मंगोलियाच्या प्रशिक्षकांनी आक्षेप घेतला. तो फेटाळला गेला आणि आणखी एक गुण गेला. तेव्हा ते प्रशिक्षक इतके संतापले, की त्यांनी भर मैदानात अंगावरचे कपडे काढून फेकले. सारे जग पाहत होते. निकाल मात्र बदलला नाही.

दुसरे उदाहरण २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकचे आहे. भारताचा बजरंग पुनिया आणि किर्गिझस्तानचा अकमातालिएव्ह यांची लढत ३-३ अशी बरोबरीत संपली. तरीही बजरंग जिंकला. कारण त्याने ताबा घेऊन एकाच डावात दोन गुण मिळवले होते, तर प्रतिस्पर्ध्याचे गुण एकेक करून आलेले होते. गुण समान झाले, की मोठा डाव कोणाचा हे पाहिले जाते. त्या एका ताब्याने लढतीचा निकाल लावला.

आता पुन्हा आपल्या महाराष्ट्राकडे वळू. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्ही विभागांचे विजेते शेवटी गदेसाठी लढतात. माती विभागात सोलापूर जिल्ह्यातील सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. महेंद्र यांनी 'बाहेरची टांग' हा डाव टाकला. पंचांनी त्यांना चार गुण दिले. सिकंदर यांच्या बाजूचे म्हणणे असे, की त्यांची पाठ मातीकडे पूर्ण वळली नव्हती, म्हणून चार गुण मिळायला नको होते. चार की दोन, या प्रश्नावर महाराष्ट्रभर वाद झाला. लोक मोबाईलवर तो डाव पुन्हा पुन्हा पाहत आणि आपापला निर्णय देत. पण निकाल कायम राहिला. अंतिम लढतीत शिवराज राक्षे यांनी महेंद्र यांना हरवले आणि गदा जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे पुन्हा महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. या वेळी सिकंदर शेख यांनी शिवराज राक्षे यांनाच हरवून गदा पटकावली. जानेवारीत हुकलेली संधी त्यांनी कुस्ती खेळूनच मिळवली.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे मात्र वेगळे घडले. गादी विभागात शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांची लढत होती. पंचांनी पृथ्वीराज यांना चितपटीने विजयी दिले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे शिवराज यांचे म्हणणे होते. निर्णय तपासून पाहावा, अशी मागणी त्यांनी केली. ती मान्य झाली नाही आणि रागाच्या भरात त्यांनी पंचांना लाथ मारली. त्यानंतर अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड यांनीही पंचांच्या निर्णयावर नाराज होऊन वेळ संपण्यापूर्वीच मैदान सोडले. पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाले. शिवराज आणि महेंद्र या दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली.

या घटनेचा शांतपणे विचार करा. पैलवानाचे म्हणणे खरे असू शकते. पंच माणूसच आहेत, त्यांची चूक होऊ शकते. ज्याने दहा-बारा वर्षे घाम गाळला, त्याला अन्याय झाल्यासारखे वाटले, तर त्याचे दुःखही समजण्यासारखे आहे. पण लाथ मारताच प्रश्न बदलला. खांदे टेकले होते का, हा मूळ प्रश्न मागे पडला. लोक लाथेबद्दलच बोलू लागले. ज्याला न्याय मागायचा होता, तोच दोषी ठरला. हातात असलेली बाजू हाताने, किंवा पायाने म्हणा, घालवली!

कोणी विचारेल, "प्रत्येक निर्णय कॅमेऱ्यानेच का देऊ नये?" त्याचे उत्तर असे, की कॅमेरा फक्त दाखवतो, ठरवत नाही. गुडघा टेकला, हे चित्रात दिसेल. पण पकड पक्की होती का, ताबा पूर्ण झाला का, हे शेवटी जाणकारालाच ठरवावे लागते. शिवाय कॅमेऱ्यालाही एकच बाजू दिसते. पैलवानाच्या पाठीमागून घेतलेल्या चित्रात खांदा टेकलेला भासतो. समोरून पाहिले तर खाली बोटभर जागा दिसते. एका प्रेक्षकाच्या मोबाईलमधले चित्र म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. म्हणून कॅमेरे एकापेक्षा जास्त हवेत, ते योग्य जागी हवेत आणि ते पाहणारे पंच नियम जाणणारे व निःपक्षपाती हवेत. राज्यातील मोठ्या स्पर्धांत अशी पक्की सोय असेल, तर अर्धे वाद जागच्या जागी मिटतील. चितपटीची थाप मारण्यापूर्वी पंचांनी क्षणभर थांबून सहकाऱ्याकडे पाहिले, तर आणखी काही वाद उद्भवणारच नाहीत.

न्याय मिळण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते. नियम माहीत असणारा आणि योग्य वेळी बोलणारा माणूस आपल्या बाजूला असावा लागतो. खाशाबा जाधव यांची गोष्ट यासाठी लक्षात ठेवावी. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या या पैलवानाने १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. असे सांगतात, की तिथे एका दमवणाऱ्या लढतीनंतर त्यांना लगेच पुढच्या लढतीला उभे करण्यात आले. मध्ये विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो दाखवून हक्क मागणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. थकलेल्या खाशाबांना ती लढत गमवावी लागली. नियम पुस्तकात होता, पण त्या दिवशी खाशाबांच्या उपयोगी पडला नाही.

कुस्ती सुरू होण्यापूर्वी दोन्ही पैलवान एकमेकांशी हात मिळवतात. कुस्ती संपल्यावर पंच विजयी पैलवानाचा हात वर करतात आणि हरलेला पैलवान पंचांशीही हात मिळवतो. हा केवळ शिष्टाचार नाही. 'निकाल माझ्या विरुद्ध गेला, तरी खेळाचे नियम मला मान्य आहेत,' असे तो त्यातून सांगत असतो. त्याच्या या विश्वासाला पात्र राहणे, ही पंचांची जबाबदारी आहे. पंचांनी डोळे उघडे ठेवावेत, पैलवानांनी नियम शिकावेत आणि आयोजकांनी कॅमेऱ्यांची सोय करावी. तसे झाले, तर जो खरा बलवान, त्याच्याच खांद्यावर गदा जाईल.

शब्दार्थ

पंच – खेळात निर्णय देणारा
प्रतिस्पर्धी – विरुद्ध बाजूने खेळणारा, हरीफ
चितपट – पाठ टेकून झालेली हार
गादी – कुस्तीसाठी वापरली जाणारी मऊ मॅट
ताबा – कब्जा, पकड
जोर-बैठका – पैलवानांचा रोजचा व्यायाम
हलगी – कुस्तीच्या मैदानात वाजवले जाणारे चामड्याचे वाद्य
संमती – मान्यता, मंजुरी
आक्षेप – हरकत, एतराज
निःपक्षपाती – कोणाचीही बाजू न घेणारा
शिष्टाचार – वागण्याची चांगली रीत, अदब

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा कोठे व केव्हा झाली?
(आ) ताबा घेतल्याबद्दल किती गुण मिळतात?
(इ) चॅलेंज चूक ठरल्यास काय होते?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) गामा आणि झिबिस्को यांची लंडनमधील कुस्ती बरोबरीत का सुटली?
(आ) कुस्तीत तीन पंच का असतात?
(इ) चितपटीचा निर्णय देण्यापूर्वी पंचांनी काय करायचे असते?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) प्रशिक्षकाने केलेले चॅलेंज पैलवान नाकारू शकतो.
(आ) सर्व निर्णय फक्त कॅमेऱ्यावर सोपवता येत नाहीत.

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
आस्मान दाखवणे, घाम गाळणे, संधी हुकणे

प्र. ५. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधा व त्यांचे अर्थ लिहा.

प्र. ६. तुमच्या शाळेतील सामन्यात पंचांचा निर्णय चुकला, असे तुम्हांला वाटले, तर तुम्ही काय कराल? आठ-दहा ओळींत लिहा.